खांद्यावरचा डबा आणि रामटेकची शिट्टी

फिजिओथेरपीची ताई म्हणाली, "मॅडम, तुमचा अनुभव लिहा ना. बाकीच्या पेशंटांना धीर येईल." मी म्हटलं, धीर पाहिजे असेल तर दुसऱ्या कोणाला विचार, माझ्याकडे फक्त राग आहे. ती म्हणाली, मग राग लिहा. म्हणून लिहायला बसले.

असले अनुभव मी पलंगावर पडल्या पडल्या पुष्कळ वाचले. प्रत्येकाला आजारानं काहीतरी शिकवलेलं असतं. कोणाला सूर्योदय सुंदर दिसायला लागतो, कोणाला माणसांची किंमत कळते. सूर्योदय मी नोकरीभर मैदानावर उभं राहून बघितला, कारण मी नागपूरच्या एका मराठी शाळेत पी.टी.ची शिक्षिका होते आणि मुलींना कबड्डी शिकवायची. माणसांची किंमतही मला आधीपासून माहीत होती. आजारात ती आणखी घसरली, एवढंच.

वेल्क्रो

सुरुवात खोकल्यानं झाली. कोरडा, चिवट खोकला. शेजारच्या लांजेवार वहिनी म्हणाल्या, अडुळसा घ्या. माझे मोठे दीर, म्हणजे भाऊजी, म्हणाले, कूलरची वाळ्याची ताटी बदला. ताटी बदलली, खोकला तसाच. मग सकाळच्या फिरण्यात मी मागं पडायला लागले. ज्या बायकांना मी "हात हलवा, वरातीत चालल्या का?" म्हणून दटावत होते, त्या पुढं जाऊन कोपऱ्यावर माझी वाट बघत थांबायला लागल्या. चेहऱ्यावर दया आणून. ती दया मला सोसली नाही म्हणून मी डॉक्टरकडे गेले. खोकल्यासाठी गेलेच नसते.

छातीच्या डॉक्टरांनी पाठीला स्टेथोस्कोप लावला, दोन-तीन ठिकाणी ऐकलं आणि हाताखालच्या शिकाऊ डॉक्टरणीला बोलावलं. "ये, ऐक. वेल्क्रो." शाळेच्या बुटाची पट्टी उघडताना जो चर्रर्र आवाज येतो, तो माझ्या पाठीतून येत होता. दोघं इतके खूश झाले की मला वाटलं, माझ्यात काहीतरी चांगलं सापडलं.

स्कॅन झाल्यावर मात्र डॉक्टर माझ्याशी बोलेचनात. सगळं माझ्या नवऱ्याला सांगायला लागले. "यांची फुप्फुसं आतून कडक होत चाललीत. यांना पुढं ऑक्सिजन लागेल." मी दोघांच्या मधल्या खुर्चीवर बसलेली.

मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, फुप्फुसं माझी आहेत. माझ्याशी बोला."

"तुम्ही घाबराल म्हणून..."

"घाबरायचं काम माझं आहे. ते यांना काहून देता?"

मग बोलले. पण "बरं होईल का?" या साध्या प्रश्नाला "वाढण्याचा वेग कमी करता येईल" असं उत्तर दिलं. मी आयुष्यभर मुलींच्या सबबी ऐकल्या आहेत. प्रश्न टाळला की मला लगेच कळतं. घरी येताना स्कूटरवर मागं बसून मी रडले. हेल्मेटमुळं नवऱ्याला कळलं नसेल असं मी धरून चालले.

त्या दिवसापासून प्रत्येक भेटणाऱ्याचा पहिला प्रश्न एकच. "सिगारेट वगैरे?" नाही हो. तंबाखू? नाही. मग चूल? नाही. मग माणूस जरा नाराज होतो. तुमचा दोष सापडला असता तर त्याला स्वतःबद्दल बरं वाटलं असतं. तुम्हालाही हा आजार असेल तर या प्रश्नाला उत्तर देत बसू नका. मी आता सरळ सांगते, "हो, शाळेच्या संडासात लपून ओढत होते." पुढचा प्रश्न येत नाही.

भरती

पावसाळ्यात न्यूमोनिया झाला आणि दवाखान्यात भरती झाले. दवाखान्याचं वेळापत्रक पेशंटला झोप लागू नये एवढ्याचसाठी बनवलेलं असतं. डोळा लागला की रक्त घ्यायला येतात. पुन्हा डोळा लागला की वजन करायला. मग ओल्या फडक्यानं अंग पुसणं, मग बिनमिठाचा उपमा, मग राउंड. राउंडमध्ये पलंगाभोवती घोळका करून सगळे कागदाकडे बघतात आणि जाताना कोणीतरी तुमच्या पायाच्या अंगठ्याला म्हणतं, "बरं वाटतंय ना?"

भेटायला येणारे त्याहून भारी. भाऊजी नारळपाणी घेऊन आले, खुर्ची ओढून बसले आणि याच मजल्यावर याच आजारानं कोण कोण गेलं ते सांगायला लागले. वरून सल्ला, "निर्मला, अनुलोम-विलोम कर. एक नाकपुडी बंद करायची..." दोन्ही नाकपुड्यांत ऑक्सिजनची नळी होती. मी त्यांना नारळपाणी परत नेऊ दिलं नाही, पण बाकी सगळं परत न्यायला सांगितलं.

भीती कधी वाटली तेही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही बाई नुसती तोंडाळ आहे. एकदा दुपारी कोणाला हाक मारायची नाही म्हणून नळी काढून बाथरूमला निघाले. पलंगापासून दार म्हणजे आमच्या मैदानावरच्या एका चढाईएवढंही अंतर नाही. दाराशी पोचले आणि छाती भात्यासारखी हलते आहे, पण आत काहीच येत नाही असं झालं. हाक मारायलाही हवा लागते, ती नव्हती. मी दाराची कडी धरून उभी राहिले आणि मला वाटलं, संपलं. मी फार भ्याले. इतकी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

आयाबाईनं बघितलं. तिनं खुर्ची आणली, नळी लावली आणि आरडाओरडा केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कंगवा घेऊन आली आणि माझे गुंतलेले केस विंचरून वेणी घालून दिली. कसं वाटतं, काय होतं, काही विचारलं नाही. "तेल कमी पडते तुमाले," एवढंच म्हणाली. त्या दवाखान्यात माझ्याशी शहाण्यासारखं वागलेलं ते एकच माणूस.

वसंतराव

आता नवऱ्याबद्दल. तोंडानं मी त्यांना "अहो" शिवाय काही म्हटलेलं नाही, पण इथं वसंतराव लिहिते. कळमेश्वरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात लेथवर लोखंड कातायचं काम करून रिटायर झाले. देवधर्म बेताचा, पण मशीनवर श्रद्धा फार. मिक्सरसुद्धा "थकला असंल, राहू दे" म्हणून बंद करणारा माणूस. दुसरं म्हणजे त्यांना खोटं बोलता येत नाही. भाजी कशी झाली विचारलं तर खरं सांगतात. संसारात याचा किती त्रास होतो ते ज्यांच्या घरी असा नवरा आहे त्यांनाच माहीत.

घरी आले ती मोठ्या ऑक्सिजन मशीनसकट. ते मशीन हवेतूनच ऑक्सिजन वेगळा काढून देतं, छोट्या फ्रीजएवढं असतं आणि दिवसभर घुरघुरतं. त्याची लांब नळी घरभर माझ्या मागं. दारात पाऊल टाकते तर लांजेवार वहिनी औक्षणाचं ताट घेऊन उभ्या. निरांजन पेटलेलं, वात चांगली भडकलेली, आणि ती वात त्या माझ्या नाकाजवळ आणताहेत, जिथून ऑक्सिजन येतो आहे.

"वहिनी, दिवा मागं घ्या."

"अवं, एवढ्या मोठ्या दुखण्यातून आली, ओवाळू नको काय?"

"ओवाळाल तर तोंड पेटेल माझं. मागं घ्या."

त्या रुसल्या. कितीतरी दिवस गल्लीत सांगत होत्या की दुखण्यानं मास्तरीणबाईचा देवावरचा विश्वास उडाला. ऑक्सिजनजवळ विस्तव नको, गॅसची शेगडी नको, उदबत्ती नको. हे एवढं एक वाक्य समजायला आमच्या गल्लीला दिवाळी उजाडली असती. स्वयंपाक वसंतरावांकडे गेला. त्याबद्दल मी लिहिणार नाही.

आणि घर नावाची जेल सुरू झाली. नळी जिथपर्यंत पोचते तिथपर्यंत माझं जग. फाटकापर्यंत नळी पोचत नव्हती. मी पायरीवर बसून रस्ता बघायची आणि वसंतराव आत-बाहेर करताना हटकून नळीवर पाय द्यायचे.

डबा

मुलगा निखिल पुण्याला असतो. तिथं जाऊन सभ्य मराठी बोलायला लागला आहे. त्यानं व्हिडिओ कॉलवर सांगितलं की खांद्याला अडकवायचं छोटं ऑक्सिजन मशीन मिळतं, बॅटरीवर चालतं, लोक विमानातसुद्धा नेतात. मग दुकानाचा एक पोरगेला विक्रेता टाय लावून घरी आला. मला सोफ्यावर बसवलं, नळी लावली, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला आणि म्हणाला, "बघा मॅडम, किती छान!"

मी म्हटलं, "बसल्या बसल्या तर मला मशीनशिवायही छान असतं. आता चालून बघते."

"चालायची गरज नाही मॅडम, डेमो झाला."

मी उठले, अंगणात चकरा मारल्या, वरच्या मजल्याच्या पायऱ्या चढले. आकडा घसरला, त्यानं सेटिंग वाढवलं, मी पुन्हा चढले. त्याचा टाय सैल झाला. जे विकत घेणार असतील त्यांना एवढंच सांगते, बसून घेऊ नका. चालून, चढून, बोलून बघा आणि तो आकडा आपल्या डॉक्टरला दाखवा. बॅटरीचे जे तास माहितीपत्रकात लिहिलेले असतात ते कुठल्यातरी न हलणाऱ्या माणसाचे असतात. सेटिंग वाढलं की तास निम्मे.

मशीन जेवणाच्या डब्याच्या पिशवीसारखं दिसतं म्हणून मी त्याला डबा म्हणते. ते सारखं हवा सोडत नाही. तुम्ही नाकानं श्वास आत घेतला की ते ओळखतं आणि फुस्स करून तेवढ्यापुरता ऑक्सिजन देतं. नाकानं श्वास घेतला नाही की त्याला वाटतं माणूस संपला, आणि ते किंचाळतं. आता मी एकदा बोलायला लागले की तोंडाचा पट्टा थांबत नाही, आणि बोलताना श्वास तोंडानंच घेतला जातो. म्हणजे मी कोणाला चांगलं फैलावर घेतलं की मधेच डबा वाजतो, टी टी टी टी. आयुष्यभर मी शिट्टी वाजवून दुसऱ्यांना गप्प केलं, आता हे यंत्र मला गप्प करतं. पहिल्यांदा असं झालं तेव्हा वसंतराव हसू दाबायला स्वयंपाकघरात गेले.

बाहेर पडले तर लोकांची तऱ्हा बघा. किराणा दुकानात एक बाई पदर नाकाला लावून मागं सरकली. भाजीवाल्यानं विचारलं, "काकू, करोना पुन्हा आला काय?" एका शहाण्यानं मोबाईल काढून माझा व्हिडिओ घेतला. मी त्याला जवळ बोलावलं आणि म्हटलं, "नीट घे, नाकाच्या बाजूनं घे, घरी आईला दाखव." तो पळाला. पळणाऱ्याला पकडायची माझी सवय जुनी आहे, पण दम नव्हता.

संगीताचा फोन

संगीता माझी जुनी विद्यार्थिनी. चढाईला गेली की समोरच्या मुलींना घाम फुटायचा. आता रामटेकला शिक्षिका आहे आणि तिथल्या मुलींना कबड्डी शिकवते. नवरात्र सुरू झालं तेव्हा तिचा फोन आला.

"मॅडम, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या मंडळाचे मुलींचे सामने आहेत. पयली शिट्टी तुमी मारा."

"उद्घाटनाला पुढारी नाही मिळाला काय?"

"मिळाला होता. मी नाई म्हटलं. तो शिट्टी उलटी धरते."

मी हो म्हटलं. फोन ठेवला आणि घरात बैठक बसली. पुण्याहून निखिल मोबाईलच्या पडद्यावर, इकडे वसंतराव, मधे मी. निखिल म्हणाला, "आई, मैदानावरची धूळ, गर्दी, प्रवास. रिस्क कशाला? त्यांना व्हिडिओ पाठव ना शुभेच्छांचा."

व्हिडिओ! मी जे बोलले ते इथं लिहीत नाही. मधेच डबा वाजला, पण मी थांबले नाही.

शेवटी निखिलनं अट घातली. "ठीक आहे, एकदा जा. पण मशीनचा जरा जरी प्रॉब्लेम झाला, तर यापुढे नागपूरच्या बाहेर जायचं नाही. बाबा, तुम्ही खरं काय ते मला सांगायचं."

तो वकिली करत नाही याचं मला नवल वाटतं. साक्षीदारही त्यानं बरोबर निवडला. मला नागपूरच्या बाहेर काही काश्मीर बघायचं नव्हतं. पण एकदा "आता नको" सुरू झालं की ते कुठं थांबतं ते मी पायरीवर बसून बघितलं होतं. आधी रामटेक नको, मग बाजार नको, मग फाटक. मी अट मान्य केली.

खंडेनवमी

आता या सगळ्या प्रकरणातला मूर्खपणा. आमच्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी अवजारांची, यंत्रांची पूजा असते. कारखान्यात त्या दिवशी लेथ पुसून, तेल घालून, हार घालून बंद ठेवतात. पूजा झाल्यावर यंत्राला हात लावत नाहीत, त्याला त्या दिवशी आराम. वसंतरावांनी नोकरीभर हे इमानानं केलं. रिटायर झाल्यावर स्कूटर, पाना-पेचकस, मिक्सर, सगळ्यांची पूजा करतात. मोठ्या मशीनला आराम देता येत नव्हता, कारण त्याच्यावर मी चालू होते. त्याला त्यांनी लांबून नमस्कार केला. डबा मात्र पाटावर मांडला. डबा, त्याच्या दोन बॅटऱ्या, एक डब्यात बसवलेली, एक सुटी, आणि चार्जर. झेंडूची फुलं. दिवा नाही, हे एवढं त्यांच्या लक्षात राहिलं होतं. मी लांबून बघत होते.

"त्याला कशाला देव करून राहिले?" मी म्हटलं.

"तुले घेऊन जाते ना तो बाहेर. त्याची पूजा नको?"

 या माणसाच्या भोळेपणावर बोलायचं तर डबा दिवसभर वाजला असता.

दसऱ्याला दोन्ही बॅटऱ्या चार्ज करून पिशवीत ठेवलेल्या मी स्वतः बघितल्या. निखिलनं टॅक्सी सांगितली होती. मी एसटीनं जायचं ठरवलं. टॅक्सीतून गेले तर ते पेशंटचं जाणं झालं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं बसमध्ये चढलो तर कंडक्टर डब्याकडे बघून म्हणाला, "काकू, हे काय होय?" मी म्हटलं, "माझा श्वास आहे. त्याचं तिकीट फाडणार काय?" तो हसला, समोरच्या सीटवरच्या एका जाड्या माणसाला उठवलं आणि मला खिडकीशी बसवलं. दिवसभर डोक्याला ताप देणारी माणसं भेटतात, त्यात असा एखादा निघतो.

कामठी गेलं, कन्हान नदी गेली. पुढं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान पिवळं पडायला लागलं होतं. लांबून टेकडीवरचं देऊळ दिसलं. मी डब्याची फुस्स फुस्स ऐकत बसले होते. मला आनंद झाला होता, हे सांगायला काही लाज नाही.

मैदान

संगीतानं मैदानावर पाणी मारून धूळ बसवून ठेवली होती. मला वारा येणाऱ्या बाजूला खुर्ची टाकून दिली. मुली रांगेत उभ्या, ओठ आवळून नाकातल्या नळीकडे न बघण्याचा प्रयत्न करत. मी म्हटलं, "बघून घ्या एकदा मनभर, मग खेळाकडे लक्ष द्या." त्या हसल्या.

मुली तयार होत्या, पण सामना लांबला. आयोजकांना कुठल्यातरी अध्यक्षाची वाट बघायची होती. त्या माणसाची वाट बघण्यात माझी पहिली बॅटरी संपत आली आणि डब्यानं सूचना दिली. मी वसंतरावांना म्हटलं, "दुसरी लावा." त्यांनी जुनी काढली, दुसरी सरकवली, बटण दाबलं.

काही नाही. पडदा काळा. पुन्हा काढली, पुन्हा घातली. लाल दिवा लागला आणि विझला.

"अहो, नीट बसवा."

"बसवूनच राहिलो."

संगीता चार्जर घेऊन मंडपात पळाली. लाईट गेलेली होती, लाउडस्पीकरसुद्धा बॅटरीवर चालला होता. वसंतरावांनी पहिली बॅटरी परत लावून बघितली, डबा सुरू झाला आणि लगेच मान टाकली. नळी नाकात होती आणि तिच्यातून काही येत नव्हतं.

मी हललेच नाही. बोटाच्या चिमट्यावरचा आकडा खाली जायला लागला. दवाखान्यातलं ते बाथरूमचं दार आठवलं, तीच कडी हातात आल्यासारखी वाटली. मला मरणाची भीती वाटत होती, आणि तिच्याच शेजारी दुसरी भीती, की आता वसंतराव हे निखिलला सांगणार. आता माझं फाटक बंद. खरं सांगते, दुसरी भीती मोठी होती.

मी हात पुढं केला. वसंतरावांनी बॅटरी माझ्या हातात दिली. तिच्या खालच्या बाजूला पितळेच्या पट्ट्या असतात, तिथून वीज मशीनमध्ये जाते. मी त्यावर बोट फिरवलं. बोट लाल झालं.

कुंकू. तुपात कालवलेलं, दोन दिवसांत घट्ट बसलेलं, त्यावर हळदीचं बोट आणि एक तांदूळ. लेथला टिळा लावायचा तर जिथं हत्यार बसतं त्या तोंडाला लावतात. वसंतरावांनी बॅटरीचं तोंड शोधलं होतं, आणि बरोबर शोधलं होतं. रात्रभर चार्जरवर ठेवलेली बॅटरी एकतर चार्जच झाली नव्हती, नाहीतर झाली असून बोलत नव्हती.

मी लाल बोट त्यांच्यासमोर धरलं. बोलायला हवा नव्हती, म्हणून नुसतं बघितलं. नोकरीभर ज्या नजरेनं मी मुलींना मैदानाबाहेर काढलं तीच. त्यांचा चेहरा कागदासारखा झाला. "अरे बापा," एवढंच म्हणाले.

मी संगीताच्या प्रथमोपचाराच्या पेटीकडे बोट केलं. त्यांना कळलं. स्पिरिट, कापूस, आणि एका मुलीच्या केसातली पिन. ते जमिनीवर मांडी घालून बसले, बॅटरी गुडघ्यावर घेतली आणि एकेक पट्टी घासायला लागले. पिन दोनदा खाली पडली. लेथवर केसाएवढा फरक न होऊ देणाऱ्या माणसाच्या हातातून. तांदूळ निघाला, हळद निघाली, लाल कापूस बाजूला पडत गेला. वाळावं म्हणून त्यांनी फुंकर मारली, आणि सरकवली.

हिरवा दिवा. बॅटरी भरलेली होती. फुस्स.

मी डोळे मिटून नाकानं श्वास घेत बसले. वसंतराव खालीच बसून राहिले. अध्यक्ष अजून आले नव्हते.

आकडा वर आला तशी मी उठले. "अध्यक्षाची आरती कर नंतर," मी संगीताला म्हटलं. "शिट्टी दे."

कबड्डी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. चढाई करणारी मुलगी कबड्डी-कबड्डी म्हणत समोरच्यांच्या अंगणात जाते, एका दमात. दम तुटला की बाद. मी किती मुलींना बाद केलं असेल त्याची गणती नाही. कान देऊन ऐकायची आणि आवाज जरा अडखळला की शिट्टी. रडायच्या, भांडायच्या. मी म्हणायची, दम नाही तर इथं काहून आली.

पहिल्यांदा शिट्टीतून नुसती थुंकी आली. एक मुलगी फिस्सकन हसली, संगीतानं तिच्याकडे बघितलं. मी नाकानं श्वास घेतला, डबा बोलला, आणि पुन्हा फुंकली. बारीक, फाटकी शिट्टी वाजली. दूधवाल्याच्या भोंग्यानंही तिला हसावं अशी. पण मुली हलल्या. पहिली चढाई निघाली, कबड्डी कबड्डी कबड्डी, पाय मातीवर कसे हलके. मी शिट्टी तोंडातच धरून बघत राहिले, नाकानं श्वास घ्यायचा विसरले, आणि डबा किंचाळला. चढाई करणारी मुलगी जागेवर थांबली, तिला वाटलं आपण बाद. दोन्ही बाजू भांडायला लागल्या.

"ती शिट्टी नव्हती," मी म्हटलं. "ते माझ्यासाठी होतं. चढाई पुन्हा."

फोन

परतीच्या बसमध्ये वसंतराव पिशवी मांडीवर धरून बसले होते. बॅटऱ्या संगीताच्या घरी लाईट आल्यावर भरून घेतल्या होत्या. मी काही म्हणावं याची ते वाट बघत होते आणि मी म्हणत नव्हते. त्यांना कळत होतं की आज माझ्या जिवावर बेतलं होतं, आणि मला कळत होतं की घरी फोन येणार.

दिवेलागणीला आला. वसंतरावांनीच घेतला. निखिलचा आवाज मला ऐकू येत होता.

"बाबा, कसं झालं? मशीनचा काही प्रॉब्लेम?"

वसंतराव भिंतीकडे बघत होते. खोटं बोलता न येणारा माणूस कसा दिसतो ते मी जन्मभर बघितलं आहे. मान खाली, कान लाल, आणि मग खरं बाहेर येतं. मी मनातल्या मनात फाटक लावून टाकलं.

"काही नाई," ते म्हणाले. "मस्त चाललं मशीन. कुठंच नाई अडलं."

"नक्की?"

"अरे, तुले सांगून राहिलो ना. पुढच्या महिन्यात कळमेश्वरले सामने आहेत, तिकडंबी बोलावलं तुझ्या आईले."

कळमेश्वरला कोणी बोलावलं नव्हतं. तिथं सामने आहेत की नाहीत हेही मला माहीत नाही.

फोन ठेवून त्यांनी दोन्ही बॅटऱ्या पिशवीतून काढल्या, धोतराच्या फडक्यानं पट्ट्या पुसल्या, चार्जरला लावल्या आणि समोर स्टूल घेऊन बसले. मी आत जाऊन मोठं मशीन सुरू केलं, नळी बदलली आणि बाहेर आले तरी बसलेलेच.

"आता काय पाहून राहिले?"

"हिरवा लाईट येते का ते."

मी कोपऱ्यातली दुसरी खुर्ची ओढली आणि त्यांच्याशेजारी बसले. नळी तिथपर्यंत कशीबशी पोचत होती.